नडगीवरचा टवका

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात सुरू होतं, त्या वर्षांत कऱ्हाडकडचा पंढरी बायको-पोरीला घेऊन बोईसरला आला. तो रंगारी होता. गावाकडं त्यानं घरांची दारं रंगवली होती, बैलगाड्या रंगवल्या होत्या, एकदा तर देवळाचं शिखरही रंगवलं होतं. इथं ठेकेदाराच्या टोळीत त्याच्या वाट्याला लोखंडी खांब, जिने आणि माणूस आत उभा राहील एवढाले पाइप आले. रोज सकाळी स्टेशनाजवळून माणसांनी भरलेला ट्रक समुद्राकडं निघायचा आणि संध्याकाळी तोच परत आणून सोडायचा. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड बघता बघता तांबडं पडायचं, त्यामुळं रंगाऱ्यांच्या हाताला कधी उसंत नसे.

त्यांनी रंभाबाईंच्या वाडीत खोली घेतली होती. रंभाबाई इथल्याच. घरामागं खोल्यांची एक ओळ बांधून त्यांनी ती बांधकामावरच्या लोकांना भाड्यानं दिली होती. बाई तोंडाची फटकळ, पण पंढरीच्या पोरीसाठी त्यांच्या घरातून रोज काही ना काही यायचं. कधी भाजलेले करांद्याचे कंद, कधी ताडगोळे, कधी नुसतीच हाक.

पोरीचं नाव सुगंधा. वय सहा. ती दीड वर्षाची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. बोईसरला आल्यावर मुंबई जवळ आली, म्हणून पंढरीनं तिला तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी आखडलेला पाय प्लास्टर घालून सरळ केला आणि मग त्यावर कॅलिपर बसवलं. म्हणजे जाड तळाचा बूट, बुटाच्या दोन्ही अंगांनी वर गेलेल्या लोखंडी पट्ट्या, पोटरीला मागून धरणारी लोखंडी कमान आणि नडगीवरून बांधायचा कातडी पट्टा. त्यासाठी सुगंधा बरेच दिवस वॉर्डात एकटी राहिली. नर्मदेला, तिच्या आईला, दुपारी भेटीच्या वेळेतच काय ती आत सोडायचे. पण घरी परतली ती पोर स्वतःच्या पायांनी चालत. स्टेशनापासून वाडीपर्यंत तिनं कुणाला हात लावू दिला नाही. रंभाबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसत राहिल्या.

हॉस्पिटलातनं आल्यापासून सुगंधाचा एक हट्ट होता. मोजा, बूट, पट्टा, सगळं आपलं आपण घालायचं. नर्मदेनं हात पुढं केला की ती पाय मागं घ्यायची. पोरगी शहाणी झाली, असं नर्मदेला वाटलं. तिनं शेजारणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

दिवाळी झाल्यावर एके रविवारी पंढरी ओट्यावर बसून दाढी करत होता. सुगंधा जवळच चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती. आरशातनं त्याला दिसलं, की तिनं आईच्या अंबाड्याचा आकडा घेतला आहे आणि तो बाहुलीच्या पायाला दोऱ्यानं गुंडाळते आहे. आकडा सारखा निसटत होता. चिंध्यांच्या पायात जीव नव्हता, त्यामुळं बांधलेला दोरा घसरून खाली यायचा. सुगंधा न चिडता तो पुन्हा वर ओढायची. पंढरीनं दाढी अर्धी ठेवून विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, हिला उभं करायचंय.

त्या दिवशीच त्यानं मनाशी ठरवलं, की पोरीला लाकडाची बाहुली करून द्यायची, तिच्यासारखीच, आणि पायात तिच्यासारखंच कॅलिपर असलेली.

रंगवणं त्याच्या हातातलं होतं, पण कोरणं नव्हतं. बांधकामावर सुतारांच्या हाताखाली नवशा नावाचा एक वारली गडी होता. पाऊसकाळात डोंगराकडं आपली नाचणी-वरी करायचा आणि पिकं काढून झाली की कामाला खाली यायचा. जेवणाच्या सुट्टीत तो कोयत्याच्या टोकानं काहीबाही कोरत बसे. एखादा पक्षी, कधी आमटीचा डाव, कधी नुसतंच एखादं तोंड. पंढरीनं त्याला सगळं सांगितलं. नवशानं फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की पोरीला एकदा बघायला पाहिजे. पुढच्या रविवारी तो वाडीत आला, सुगंधाला अंगणातून इकडून तिकडं चालायला लावलं, चहा घेतला आणि गेला. काही दिवसांनी शिवणीच्या लाकडाची हातभर बाहुली घेऊन आला. दोन वेण्या, पुढं आलेली हनुवटी, जरा एका बाजूला झुकलेले खांदे. पाय कमरेशी लाकडी खुंटीवर बसवलेले, त्यामुळं ते हलायचे. नर्मदा ती हातात घेऊन बघतच राहिली. रंग नसतानासुद्धा ती कोण आहे हे सांगावं लागत नव्हतं.

नवशा म्हणाला, "लाकूड अजून ओला हाय. थोडे दिस राहू दे सावलीत."

पंढरीनं मान हलवली, पण त्याला कुठला धीर. त्याच संध्याकाळी त्यानं ऑइलपेंटचे डबे उघडले. पिवळा झगा, त्यावर लाल ठिपके, काळे केस, सावळा चेहरा. रंग उठून दिसावा म्हणून चांगला जाड हात मारला. रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यानं पायाच्या पट्ट्या आणि कमान केली, जुन्या चपलेच्या कातड्याचा पट्टा केला, त्याला बारकं बक्कल लावलं. त्यासाठी सुगंधाला समोर बसवून तो तिच्या पायातल्या कॅलिपरकडं बघत होता. कमान कुठं येते, पट्टा कुठून कुठं जातो, सगळं जसंच्या तसं.

सुगंधानं बाहुली घेतली. आधी तिचा पट्टा सोडला, परत बांधला, आणखी एक भोक पुढं ओढून घट्ट केला, मग तिला ओट्यावर उभी केली. बाहुली उभी राहिली. रंभाबाई म्हणाल्या, ठकी छान झाली. सुगंधानं त्यांना सांगितलं, की ही ठकी नाही, हिचं नाव मंजुळा.

मंजुळेचा रंग आठवडाभरही टिकला नाही. आधी नाकाचा शेंडा गेला. मग झग्यावर फुगे आले आणि नखानं टोकरलं की पोपडे निघायला लागले. वेण्यांचा काळा रंग सुगंधाच्या हातात यायचा. बापाला वाईट वाटेल म्हणून पोर मंजुळेला ओढणीत गुंडाळून फिरवायची, पण ते काय लपणार. रंभाबाईंनी बाहुली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "रंग लाकडाला धरलाच नाय रे पंढरी. नुसता वरच्यावर बसलाय, पाहुण्यासारखा."

पंढरीला ते फार लागलं. तिकडं त्यानं रंगवलेल्या पाइपांवर समुद्राचं वारं आदळत होतं आणि रंग हलत नव्हता, आणि घरात पोरीच्या बाहुलीला टवके. टोळीचा मुकादम आनंदा त्याच्या गावाकडचाच होता. पंढरी दोन दिवस गप्प गप्प आहे हे बघून त्यानं कारण विचारलं. ऐकल्यावर हसला, पण मग म्हणाला, लोखंड घासून कोरडं केल्याशिवाय तू त्याला ब्रश लावशील का? मग लाकडानं काय पाप केलं?

तेव्हा पंढरीनं सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं. मंजुळेचा रंग काचेच्या तुकड्यानं अलगद खरवडून काढला. कॅलिपर काढून ठेवलं. मग ते उघडं लाकूड त्यानं फळीवर, उन्हाच्या वाटेतून बाजूला, वाळायला ठेवलं. पौष गेला, माघ लागला, तरी तो त्याला हात लावू देईना. सुगंधाला ते असह्य व्हायचं. मंजुळेला थंडी वाजेल म्हणून ती रोज शाळेतनं आल्यावर स्टुलावर चढून तिच्या अंगावर बापाचा रुमाल पांघरायची, आणि हवा लागली पाहिजे म्हणून पंढरी रोज घरी आल्यावर तो काढायचा. यावरून बापलेकीची रोज बोलाचाली व्हायची. नर्मदेला हसू आवरायचं नाही. शेवटी तिनं तोड काढली आणि जुन्या मच्छरदाणीचा तुकडा मंजुळेवर घातला.

लाकूड हाताला हलकं लागायला लागलं आणि टिचकी मारली की टणक आवाज यायला लागला, तेव्हा पंढरी कामाला बसला. आधी काचपेपरनं घासून घासून लाकूड गालासारखं मऊ केलं. खडूची पूड सरसात कालवून तिचं पातळ अस्तर दिलं, वाळू दिलं, पुन्हा हलकंसं घासलं. मग रंग, तोही टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. एक हात दिला की बाहुली फळीवर. दुसरा हात पहिला पुरता सुकल्यावर. सुगंधा समोर बसून विचारायची, आज डोळे येणार का, आणि तो म्हणायचा, नाही, आज नुसता चेहरा. खुंटीपाशी जिथं पाय कमरेला घासायचे, तिथं त्यानं रंगाचा थर दिलाच नाही. नुसता पातळ रंग लाकडात मुरू दिला आणि वरून मेण चोळलं. सगळं झाल्यावर चपडीलाख स्पिरिटात विरघळवून तिचे दोन हात फिरवले. मंजुळा चकचकीत झाली. झग्यावरचे लाल ठिपके ओले असल्यासारखे दिसायला लागले.

या वेळी रंग टिकला. मंजुळा ओट्यावरून पडली, काही झालं नाही. रंभाबाईंच्या कोंबडीनं लाल ठिपका दाणा समजून टोचला, तरी काही झालं नाही. सुगंधा तिला रोज आंघोळ घालायची आणि नर्मदा ओरडायची, पण रंगाला ढिम्म नाही. पंढरी मनातून इतका खूश झाला, की बाहुली पिशवीत घालून एक दिवस कामावर घेऊन गेला आणि आनंदाला, नवशाला, सगळ्यांना नख मारून बघायला लावलं.

पण मग एक टवका उडाला. उजव्या पायाला, नडगीच्या आतल्या अंगाला, जिथं पत्र्याची कमान संपते आणि पट्टा सुरू होतो तिथं.

पंढरीनं तो घासून, अस्तर देऊन, रंग लावून बुजवला. आठवड्यात तिथंच पुन्हा गेला. त्यानं चपडीचा एक हात वाढवला. पुन्हा गेला. मग जरा जाड थर देऊन बघितला, तर टवका आधीपेक्षा मोठा निघाला. बाकीच्या अंगावर एक ओरखडा नाही, आणि ती एवढीशी जागा काही केल्या धरेना. त्यानं नर्मदेला विचारलं, पोर काही टोकदार वस्तूनं तिथं खेळते का. नर्मदा म्हणाली, तसं काही नाही, बिचारी जपते तिला.

होळी तोंडावर आली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी पंढरी ओट्यावर मंजुळेला मांडीवर घेऊन बसला. सुगंधा त्याच्या शेजारी पाय पुढं सोडून बसली होती. त्यानं बाहुलीचा पट्टा सोडला आणि खालचा टवका उजेडात धरून बघितला. टवका नखाएवढा, चंद्रकोरीच्या आकाराचा होता. कमानीची कड बरोबर तिथंच रुतत होती. पट्टा ज्या भोकात होता ते पाहून तो म्हणाला, की तू हिचा पट्टा फार आवळतेस, एक भोक सैल बांधत जा.

सुगंधा म्हणाली, "असाच असतो. घट्टच असतो."

"अगं, पण घट्ट बांधला म्हणूनच तिथं रंग जातोय. कड घुसतीय बघ."

"तिथं जातोच," सुगंधा म्हणाली.

ती हे इतक्या सहज म्हणाली, की पंढरीच्या आधी ध्यानात आलं नाही. त्याला एवढंच वाटलं, की आपल्याकडून कमान चुकीची बसली असेल. खरी कशी बसते ते बघावं म्हणून त्यानं तिच्या उजव्या पायाकडं हात नेला. हात लागायच्या आत सुगंधानं पाय ओढून घेतला. लुळ्या पायाला एवढा जोर कुठून यावा, तिनं मांडीखाली दोन्ही हात घालून तो उचलून मागं घेतला होता.

पंढरीनं नर्मदेला हाक मारली.

पट्टा सोडायला बराच वेळ लागला. सुगंधा रडली नाही, पण तिनं आईचा पदर मुठीत धरला होता. मोजा खाली केला, तो नडगीपाशी चिकटलेला होता. नर्मदेनं कोमट पाण्याचं बोट लावून लावून तो सोडवला. नडगीच्या आतल्या अंगाला कातडी काळी पडून जाड झाली होती आणि मधोमध ओली जखम होती. जखम एक-दोन दिवसांची नव्हती. खाली एक बरी झालेली, तिच्यावर दुसरी, असं दिसत होतं. पोर सकाळी उठून आपलं आपण मोजे घालत होती, ते का, हे नर्मदेला आता कळलं. ती उठली, आत गेली, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली, आणि तेल लावता लावता तिचे डोळे वाहायला लागले.

पंढरीला राग आला होता, पण कुणाचा ते त्याचं त्यालाच कळेना. त्यानं विचारलं, "दुखत होतं तर सांगायचं न्हाई व्हय?"

सुगंधा खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी मला परत तिथं ठिवलं असतं."

वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिचं कॅलिपर नीट बसत नव्हतं म्हणून ती पुन्हा आली होती आणि बरेच दिवस राहिली होती. दुपारची घंटा झाली की सगळ्या आया उठून जायच्या, आणि मग ती मुलगी भिंतीकडं तोंड करून झोपायची. सुगंधानं ते पाहिलं होतं. हे सगळं तिनं तुटक तुटक सांगितलं, मधेच मंजुळेच्या वेणीवरून बोट फिरवत. डॉक्टरांनी दिवाळीनंतर दाखवायला आणा म्हणून सांगितलं होतं, पण पोर कधी कुरकुरली नाही, चालते-फिरते आहे, म्हणून आईबापांनीही ते आज-उद्यावर टाकलं होतं. पंढरीला ते आठवलं आणि त्याचा राग कुठं जायचा तिथं गेला.

त्यानं तिला आश्वासनं दिली नाहीत. डॉक्टर काय म्हणतील हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पोरीशी खोटं बोलावंसं वाटेना. तो म्हणाला, "जायला तर लागंल. पण मी दाराशी बसून राहीन. घंटा होऊ दे न्हाईतर काय होऊ दे. तुला घिऊनच यीन."

"आणि न्हाई सोडलं तर?"

"तर मीबी तिथंच निजंन. बाकाखाली."

सुगंधानं विचार केला. आबांचे पाय बाकाखालून बाहेर येतील, असं तिचं म्हणणं पडलं. नर्मदा डोळे पुसता पुसता हसली.

जखम सुकेपर्यंत कॅलिपर घालायचं नाही असं ठरलं. ते दिवस सुगंधा ओट्यावर बसून राहायची आणि रंभाबाई कामं टाकून तिच्याजवळ येऊन बसायच्या. त्यांनी कुठला तरी पाला वाटून जखमेवर लावायचा घाट घातला होता, पण नर्मदेनं तेलाशिवाय काही लावू दिलं नाही. त्यावरून दोघींत थोडा अबोलाही झाला. तो सुगंधानं मोडला. तिनं मंजुळेच्या पायाला रंभाबाईंकडून पाला लावून घेतला.

जखमेवर नवी कातडी धरली आणि ते मुंबईला गेले. पंढरीनं आनंदाला सांगून सुट्टी घेतली होती. मंजुळा अर्थातच बरोबर होती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाय बघितला, जखम बघितली, दोन शब्द आईबापांना सुनावले आणि तळमजल्यावरच्या कारखान्यात पाठवलं. तिथं कॅलिपरं बनवणारा एक वयस्कर कारागीर होता. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्यांनी सुगंधाच्या पायावर कॅलिपर धरून पाहिलं आणि म्हणाले, पोर वाढलीय. पोर वाढते, लोखंड वाढत नाही. कमान तापवून थोडी फाकवायची, तिची कड बाहेर वळवायची आणि आतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड घडी लावून वर मऊ कातडं शिवायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळपर्यंत होईल म्हणाले.

सुगंधानं विचारलं, ठेवून घेणार का.

तात्यांनी आधी कॅलिपरकडं बघितलं, कारण त्यांना वाटलं ती त्याच्याबद्दल विचारते आहे, आणि म्हणाले, हो, ठेवून जा. पोरीचा चेहरा पडला तेव्हा नर्मदेनं घाईघाईनं त्यांना समजावलं. तात्या हसले नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, की माणसं ठेवायला माझ्याकडं जागाच नाही, बघ, सगळीकडं बूटच बूट.

मग तिनं मंजुळेला पुढं केलं. तात्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बाहुलीचं कॅलिपर सोडलं, बांधलं, टवका बघितला. मग पंढरीला विचारलं, रंग कुणाचा. पंढरीनं सगळं सांगितलं. लाकूड कसं वाळवलं, अस्तर कसं दिलं, चपडी कशी मारली, आणि तरी एवढी जागा कशी धरत नाही ते. तात्या म्हणाले, की ही जागा रंगानं धरणारच नाही, कितीही हात द्या. घासणारं घासतच राहणार. तिथं मऊ काहीतरी पाहिजे. त्यांनी नमद्याचा एक तुकडा कापला, बाहुलीच्या पत्र्याची कड चिमट्यानं बाहेर वळवली, आतून तुकडा चिकटवला आणि मंजुळा सुगंधाला परत दिली. म्हणाले, आधी हिचं, मग तुझं.

संध्याकाळच्या गाडीनं तिघं बोईसरला परत आले. गाडीत सुगंधा खिडकीशी बसली होती. वैतरणेचा पूल आला तेव्हा तिनं बापाला हलवून सांगितलं, की आता लागत नाही. हे तिनं पालघर येईपर्यंत आणखी एक-दोनदा सांगितलं.

त्या उन्हाळ्यात पंढरीनं मंजुळेच्या पायाचा टवका शेवटचा बुजवला आणि या वेळी तिथला रंग टिकला. पण तात्यांच्या मनातून ती बाहुली गेली नव्हती. पुढच्या तपासणीला नर्मदा एकटीच सुगंधाला घेऊन गेली, तेव्हा त्यांनी पंढरीला निरोप दिला. वॉर्डातली मुलं कॅलिपर घालायला कुरकुरतात. अशा चार बाहुल्या-बाहुले करून मिळतील का, लाकडाचं काय लागेल ते मी बघतो. पंढरीनं नवशाला विचारलं. नवशा म्हणाला, पोरं बघायला पाहिजेत. त्याला मुंबईला नेणं जमलं नाही, तेव्हा तपासणीच्या वेळी वॉर्डातली मुलं पाहून आलेल्या सुगंधानंच त्याला सांगितलं, कोण कसं आहे ते. एकाचा डावा पाय. एकीचे दोन्ही. एक मुलगा फार जाडा आहे आणि त्याला मिशा पाहिजेत.

लाकूड या वेळी नवशानं आधीच वाळवून आणलं होतं. रविवारी ओट्यावर काम चालायचं. नवशा कोरायचा, पंढरी रंगवायचा, नर्मदा जुन्या फ्लॅनेलच्या झबल्याच्या घड्या करून पट्ट्याखाली बसवायची. सुगंधा प्रत्येक बाहुलीचा पट्टा आवळून आत बोट घालून बघायची आणि पसंत नसेल तर परत करायची. एका बाहुल्याचा पत्रा तर तिनं पंढरीला दोनदा परत केला. तो वैतागला, पण त्यानं पुन्हा वळवून दिला. मिशा मात्र पहिल्याच फटक्यात पसंत पडल्या.

पुढच्या थंडीत सुगंधाला नवं, मोठं कॅलिपर मिळायचं होतं. रंभाबाईंनी दिलेल्या टोपलीत बाहुल्या नीट गुंडाळून घेऊन तिघं गेले. कारखान्यात तात्यांनी नवा बूट चढवला. पट्टा आवळला तशी सुगंधा म्हणाली, "इथं लागतंय. थोडं बाहेर घ्या." तात्यांनी निमूटपणे काढून बाहेर घेतलं.

मग टोपली वॉर्डात द्यायची होती. पंढरीला वाटलं, आपण देऊन यावं, पोरीला कशाला. पण टोपली सुगंधानं धरली होती. दारातली नर्स म्हणाली, भेटीची वेळ संपत आली आहे, एकटीच जाऊन ये पटकन. सुगंधानं आईबापांकडं एकदा बघितलं आणि आत गेली. नव्या बुटाचा आवाज खाटांच्या मधून दूर गेला.

बराच वेळ झाला तरी ती येईना. घंटा झाली. इतर मुलांच्या आया एकेक करून बाहेर पडल्या. नर्मदेनं दारातून डोकावून पाहिलं. सुगंधा शेवटच्या खाटेवर त्या जाड्या मुलाशेजारी बसली होती आणि त्याला मिशांवाल्या बाहुल्याचं कॅलिपर सोडून दाखवत होती. आंघोळ घातलीस तर पुसून ठेवायचा, ती सांगत होती, ओला ठेवायचा नाही. मुलगा गंभीरपणे ऐकत होता.

नर्मदेनं हळूच हाक मारली, चल, गाडी चुकेल.

सुगंधानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "थांब गं जरा," ती म्हणाली.